हाराची तार

चूक अगदी साधी होती. हाराची तार समजून मी जी तार ओढली, ती तलवारीची निघाली.

आता यात माझा दोष किती आणि फुलवाल्याचा किती, हे ठरवायला आमच्या घरात अजून कोणी तयार नाही. खंडेनवमीला आम्ही तलवारीच्या मुठीला झेंडूचा हार घालतो. हारवाले हल्ली हाराची टोकं बारीक तारेने आवळतात. दसरा सरतो, फुलं सुकून गळतात आणि तार मात्र मुठीला तशीच चिकटून राहते, पुढच्या नवरात्रापर्यंत. ती काढून टाकणं हे दरवर्षीचं पहिलं काम. त्या वर्षी ते माझ्याकडे आलं. अकोल्याला भावाच्या ओसरीत मांडी घालून बसलो, काळपट झालेलं एक टोक नखाने उचकटलं, चिमटीत धरलं आणि ओढलं. आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. एवढा मोठा हार गेल्या वर्षी आणला कोणी, असा विचार मनात येईपर्यंत अर्ध्या मुठीची तार माझ्या मांडीवर वेटोळं करून बसली होती आणि खालची कुजकी कातडी उघडी पडली होती.

आतून भाऊचा आवाज आला, "काय वाजून राहिलं बे?"

"काही नाही," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक मोठी संकटं याच दोन शब्दांनी सुरू झालेली आहेत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवापासून अमरावतीच्या हवेत पुन्हा तो भुसा उडायला लागला आहे. वलगावच्या बाजूला सोयाबीनची मळणी लागली की संध्याकाळी गच्चीवरच्या कपड्यांना त्याचा वास येतो. सुका, नाकात टोचणारा, थोडा भाजक्या शेंगांसारखा. पाऊस गेलेला असतो आणि थंडीला यायची काही घाई नसते. दिवसा ऊन मानेवर बसतं. पहाटे अंबादेवीकडे अनवाणी चालत जाणाऱ्या बायांच्या बोलण्याने जाग येते, आणि एकदा जाग आली की मला पडवत नाही. उठतो, पाणी पितो, उगाच कपाट उघडतो, बंद करतो. फोन चार्जिंगवरून काढतो, पुन्हा लावतो. बायको उशीवरूनच म्हणते, "आलं का तुमचं नवरात्र?"

आलं. माझ्या अंगात देवी येत नाही, नवरात्र येतं.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळेत पी.टी.चा मास्तर होता. अकोल्यातल्या निम्म्या वकील-डॉक्टरांच्या पाठीवर त्याच्या उजव्या हाताचे ठसे असतील, आणि ते सगळे अजून रस्त्यात वाकून नमस्कार करतात, बहुधा सवयीने. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्याच हातावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं, बोलण्यातला मास्तर तर एक दिवसही रजेवर गेला नाही. पण उजव्या हाताची मूठ आवळलेली राहिली. सैल व्हायचीच नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. व्यायाम करा, चमचे जाड करून द्या. वहिनीने जुन्या टॉवेलची पट्टी चमच्याच्या दांड्याला गुंडाळून वरून दोऱ्याने आवळली. तो लठ्ठ चमचा मुठीत खुपसून भाऊ वरण-भात खायचा. आधी चमचा तोंडाकडे जायचा, मग तोंड चमच्याकडे यायचं. मी पाहतोय हे त्याने पाहिलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायचो. त्या महिन्यातले सगळे सण-उपास मला पाठ झाले होते.

आमच्या घरची रीत अशी, की नवमीला घरातल्या थोरल्याने तलवार उचलायची, कपाळाला लावायची आणि पाटावर ठेवायची. बाकीच्यांनी फक्त नमस्कार करायचा. थोरला म्हणजे अर्थात भाऊ. त्याच्या आधी बाबा. एका नवमीला बाबांनी ती उचलली नाही, भाऊच्या हातात दिली आणि "आता तू पाह्य" एवढं म्हणून बाजेवर जाऊन बसले. पुढच्या पेरणीला तिफणीच्या चाड्यावर बियाण्याची मूठ धरायला बाबा नव्हते. मी शिकलेला माणूस आहे, कॉलेजात अकाउंटन्सी शिकवतो, तलवार दिल्याने माणूस जात नाही हे मला कळतं. पण कळणं वरच्या मजल्यावर राहतं आणि भीती तळघरात. दोघांचं येणंजाणं नाही.

म्हणून घटस्थापनेच्या आधी भाऊ जेव्हा सहज म्हणाला, "यंदा तूच उचल. माया हात आता नुसता टांगलेला हाय," तेव्हा मी त्याहून सहज म्हणालो, "बघू. आधी ती साफ तर करतो." आणि साफसूफ करायला बसलो. पुढचं वर सांगितलंच आहे.

मला आणखी घाम फुटला तो तलवारीच्या थोरवीने. भाऊच्या सांगण्यानुसार आमचे पणजोबा एलिचपूरच्या छावणीत शूर शिपाई होते आणि एका गोऱ्या साहेबाचा जीव वाचवला म्हणून त्याने कमरेची तलवार काढून दिली. माझी बायको मंगल चांदूर बाजारची, म्हणजे छावणीच्या शेजारच्या मुलखातली. तिच्या माहेरच्या माहितीनुसार पणजोबा छावणीत खानसामे होते आणि साहेबाला कोंबडी आवडली. ते काही असो, तलवार साहेबी आहे एवढं खरं. लाकडी मूठ, तिच्यावर कातडं, आणि कातड्यावरून खोबणी-खोबणीतून फिरत गेलेली पिळाची पितळी तार. दर दसऱ्याला भाऊ ती पोरासोरांना दाखवायचा आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, "एलिचपूरपासून आजवर या तारेले कोणाचा हात लागला नाही."

आता माझा लागला होता.

मी सुटी तार खिशात घातली, तलवार जुन्या चादरीत गुंडाळली आणि "अमरावतीला पॉलिश करून आणतो" असं सांगून स्टँडवर आलो. बसची वाट पाहताना मंगलला घाईघाईत मेसेज टाकला : मूठ सुटली. संध्याकाळी येतो.

एस.टी.त कंडक्टरने चादरीकडे बोट दाखवलं. "काका, काय हाय त्यात?"

"छत्री."

"येवढी लंबी?"

"घरात माणसं जास्त आहेत."

त्याने तिकीट फाडलं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी छत्रीला दोन्ही हातांनी धरून होतो. शेजारचा म्हातारा माझ्यापासून हळूहळू सरकत सीटच्या काठावर गेला होता.

घरी पोचलो तर दारात मंगल, हातात पेढे. डोळे ओले. "देव पावला बाप्पा! कवा सुटली? पूरी उघडते का? मी शेजारी सांगूनबी आली."

तिला वाटलं भाऊची मूठ सुटली. मी चादर सोडली. तिने आधी तलवारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पेढ्याकडे. मग एक पेढा स्वतःच खाल्ला आणि आत निघून गेली. त्या दिवसांत शेजारच्या बाया "कसा आहे भाऊजींचा हात?" विचारायच्या तेव्हा ती "हाय, हाय" म्हणायची. त्यात काय आहे आणि काय नाही हे कोणी विचारलं नाही.

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की आमच्याकडे 'मूठ' हा शब्द किती राबतो. पेरणीला चाड्यावर ती धरायची. आजारातून उठलेल्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. घरातलं घरातच राहिलं की झाकली मूठ. कुणाचं बरं नसलं की खेड्यातली म्हातारी माणसं अजून हळूच विचारतात, कोणी मूठ तर मारली नाही? आणि या शब्दाच्या घरात सगळ्यात मागे एक खोली आहे, तिथे मुठीच्या मागोमाग माती येते. त्या खोलीकडे मी फिरकत नव्हतो. पण दार उघडं आहे हे चालता-बोलता कळत होतं. वर्गात ताळेबंद शिकवताना मधेच थांबायचो आणि स्वतःचीच बोटं मिटून उघडून पाहायचो. पोरांना वाटलं सर काहीतरी मोजतायत.

तार पूर्ण उतरवल्याशिवाय नीट बसणार नाही हे उघड होतं. एका दुपारी उरलेली उतरवली. कुजक्या कातडीच्या खाली लाकूड असणार होतं. होतं ते कापड. बोटभर रुंदीची पट्टी, काळी-निळी, काठाची. नखाने घासली तर मधून लाल रेघ निघाली. आईच्या लुगड्याचा काठ. त्याच लुगड्याची गोधडी माझ्या पायांवर लहानपणभर होती, त्यामुळे चूक व्हायचा प्रश्न नव्हता.

आता आई काही एलिचपूरच्या छावणीत नव्हती.

आणि पट्टीच्या टोकाला गाठ होती. एक गाठ, तिच्यावर दुसरी, आणि त्या दोघींवर विश्वास नसल्यासारखी तिसरी. आमच्या घरात अशी गाठ एकच माणूस मारतो. भाऊने बांधलेलं गाठोडं आजवर कोणालाही न कापता उघडता आलेलं नाही. त्याच्या शाळेतले पोरांचे तंबू म्हणे सहल संपली तरी उतरत नसत. मी ती गाठ मांडीवर घेऊन किती वेळ बसलो, माहीत नाही. एलिचपूरपासून कोणाचा हात लागला नाही! कधीतरी पोरवयात त्यानेही हाराची तार ओढली असणार, बाबांच्या भीतीने कुठेतरी लपून आईच्या फाटक्या लुगड्याचा काठ फाडला असणार, आणि वरून तार गुंडाळून टाकली असणार. आणि मग जन्मभर त्याने ती गोष्ट एवढ्या जोरात सांगितली, की खाली काय आहे ते कोणी पाहूच नये.

मला हसू आलं. मग हसू येईना. त्याला हे मी सांगणार कसं? आणि माझं त्याला लपवणार कसं?

मंगल चहा घेऊन आली. गाठ पाहिली. "भाऊजींची हाय," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली. तिला कोडी पडत नाहीत, ही तिच्याबरोबर राहण्यातली एक अडचण आहे.

तार गुंडाळणं हे राखी बांधण्यासारखं काम असेल, असा माझा अंदाज होता. मूठ स्थिर धरायची आणि तार तिच्याभोवती फिरवायची. दोन वेढे झाले की तिसऱ्याला पहिला सैल. पुन्हा पुन्हा तेच. मंगल भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बाज विणताना सुतळी अशी ढिली सोडतात का? तार कशाले फिरवता, तलवार फिरवा ना." मग तारेचं एक टोक मुठीच्या बारीक भोकात खुंटी मारून बसवलं, दुसरं खिडकीच्या गजाला बांधलं. मधे मी. तार ताणलेली राहावी म्हणून मागे रेलायचं, तलवार दोन्ही हातांत गोल फिरवायची आणि एकेका वेढ्याने खिडकीकडे सरकायचं. पातं चादरीत होतं म्हणा. पण समोरच्या काकूंना त्यांच्या गच्चीवरून एवढंच दिसलं, की सर हातात तलवारीसारखं काहीतरी धरून, दात-ओठ खात, खिडकीकडे चालून येतायत.

"सर, घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"पूजेची आहे," मी म्हणालो. त्यांनी वाळत घातलेले कपडे ओलेच काढून नेले.

एकदा मूठ बरी बसली होती. घट्ट, सडपातळ, जुनी होती तशी. हातात धरून पाहिली आणि समोर तो लठ्ठ चमचा उभा राहिला. ही मूठ भाऊच्या हातात राहणार नाही. बारीक आहे. त्याच्या आवळलेल्या बोटांतून ती तशीच घसरेल, आणि सगळ्यांदेखत तो म्हणेल, "घे बे, तूच उचल." मी सगळी तार पुन्हा उतरवली. मंगलने आतून गोधडीची एक फाटकी कड आणून दिली. लुगड्याची जुनी पट्टी होती तिथेच ठेवली, तिच्यावर ही गुंडाळली, वर नवं पातळ कातडं ताणलं. भाऊच्या गाठीला हात लावला नाही. मूठ चांगली गरगरीत झाली.

आणि तार कमी पडली. जाड मुठीला वेढा मोठा लागतो, हे अकाउंटन्सीच्या मास्तरला आधी सुचायला हवं होतं. शेवटच्या वेढ्यांची जागा उघडीच राहिली. चौकाच्या पलीकडे एक मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळक्या मोटरी दारात रांगेने पोट उघडून पडलेल्या असतात. तिथे तलवार नेली. दुकानदाराने चष्मा वर करून ती उलटसुलट पाहिली.

"सिंगल फेज का थ्री फेज?"

मी हसलो नाही. बहुधा माझा चेहरा पाहून त्याने तांब्याची तार काढून दिली, पीळ घालून दिला आणि म्हणाला, "पूजेची हाय ना, घेऊन जा." शेवटचे वेढे तांब्याचे झाले. पिवळ्या मुठीच्या टोकाला लाल कड. लुगड्यासारखी.

नवमीला सकाळी अकोल्याला पोचलो. ओसरीत पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर तलवार. नवा हार. हाराला तार नव्हती; दोऱ्यात ओवून तो मंगलने घरूनच आणला होता. वहिनीने भाऊला खुर्चीवर आणून बसवलं. भाऊने मुठीकडे बराच वेळ पाहिलं.

"हे लाल काय हाय?"

"मोटरीची तार."

"मंग करंट येईन."

एवढंच. मंगल त्याच्या समोर बसली होती, वहिनी ताम्हण लावत होती. मी पाटाकडे पाठ करून उगाच समईची वात सारखी करत होतो, कारण तो कोणत्याही क्षणी म्हणणार होता, तू उचल. वहिनी म्हणाली, "अक्षता वाहा." मग म्हणाली, "उचला आता." मी वळलो नाही. मागे खुर्ची करकरली. वळलो तेव्हा भाऊचा उजवा हात मुठीवर होता. बोटं तिच्याभोवती मिटलेली. पूर्ण. गोधडीची कड, लुगड्याचा काठ, कातडं, तार, आणि त्यावर त्याचा हात. पात्याचं टोक पाटावर टेकलेलंच राहिलं, पण मूठ वर आली. त्याने वाकून कपाळ तिच्यावर टेकवलं. वहिनी आरतीची ओळ चुकली आणि आम्ही सगळे तिच्या मागोमाग चुकलो.

टेकलेलं कपाळ वर न करताच तो फक्त मला ऐकू जाईल असं बोलला, "जाड झाली."

"हो."

"मायावाली, मी बांधली होती ते, पातळ झाली होती."

आरती संपली. प्रसाद फिरला. भाऊने मूठ सोडली नाही. वहिनी म्हणाली, "अवो, ठेवा आता." तो म्हणाला, "सुटून नाही राह्यली." ज्या आवळलेल्या हातासाठी मी ती जाड केली होती, त्याच हातात ती अडकली होती. मी पुढे झालो, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि त्याचा हात माझ्या हातात घेतला. आम्ही भाऊ-भाऊ हात हातात घेणाऱ्यांतले नाही. त्याचा हात मला आठवतो तो बहुतेक पाठीवर पडताना. करंगळी सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट. गरम होती बोटं, आणि मला वाटली होती तशी ताठ नव्हती. त्याची गाठ जशी सोडवावी लागते तसं एकेक करत गेलो. तो माझ्याकडे बघत होता. अंगठा सुटला तेव्हा तलवार माझ्या हातात होती.

"हां," भाऊ म्हणाला. "धर आता नीट." आणि खुर्चीत मागे टेकून बसला.

माझ्या छातीत जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. तलवार पाटावर ठेवली. जेवायला पुरणपोळी होती, मी किती खाल्ल्या ते मला माहीत नाही. मंगल म्हणते, पुष्कळ.

त्यानंतरची पेरणी मी धास्तीने काढली. अकोल्याचा फोन वाजला की हातातलं खाली ठेवायचो. भाऊने पेरणी पाहिली, कापूस पाहिला, त्याच्या पुढचीही पेरणी पाहिली. तळघरात राहणारी भीती अजून राहते, पण भाडं थकलं असावं, हल्ली फार बोलत नाही. परवा त्याचाच फोन आला. "कवा येऊन राहिला? अन् पाह्य, यंदा काई ओढू नको." म्हणून यंदा कपाट उघडून बंद करतो आहे, पाणी पितो आहे, तयारी म्हणतात ती हीच.

पण सांगायचं होतं ते त्या नवमीच्या संध्याकाळचं. परतीच्या बसमध्ये खिडकीतून भुसा येत होता. मंगल हिरव्या सालीचं संत्रं सोलत होती. मी आपला बोलत होतो, थांबताच येत नव्हतं मला. म्हटलं, बिचाऱ्याचा हात कसा अडकला बघ, मी वेळेवर सोडवला म्हणून, नाहीतर सगळ्यांदेखत किती लाजला असता.

मंगलने एक फोड माझ्या हातावर ठेवली.

"अक्षता कोण्या हातानं वाह्यल्या त्यायनं, पाह्यलं का तुमी? तुमी समई कोरत बसले होते. मी समोर होती. उजव्या हातानं वाह्यल्या, मूठ भरून, अन् एकेक दाणा सोडला," ती म्हणाली. "अवो, मूठ तं त्याच्या अगुदरच सुटली होती."